गुडघ्यांचा पंचनामा

घाईनं करण्यासारखं जगात एकच काम आहे, ते म्हणजे वणवा विझवणं, असं माझ्या साडभाऊंचं ठाम मत आहे. आणि स्वतःच्या मताला एवढं जागलेला दुसरा माणूस निदान मी तरी पाहिलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले आणि गोंडपिपरीला घर बांधून राहिले. सारी नोकरी धानोरा-पोंभुर्ण्याच्या रानात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते रानच घरी आणलं. बाजारात पावभर वांगी घ्यायची असली तरी आधी सगळ्या बाजाराला एक फेरी मारतात, तिला ते गस्त म्हणतात. लग्नाच्या मांडवात बाहेर पडायच्या वाटा किती हे मोजल्याशिवाय पंगतीला बसत नाहीत. नव्या चपलेचा ठसा मातीत कसा उमटतो हे पाहूनच ती विकत घेतात, आणि गावातल्या चपलावाल्यानं खास त्यांच्यासाठी ओल्या वाळूचं घमेलं ठेवलंय असं म्हणतात. ठसा हा त्यांचा जीव की प्राण. वाघाचा ठसा ओळखणारे पुष्कळ असतील, हे माणसाचा ओळखतात. एकदा चंद्रपूरला आमच्याकडे आले ते फाटकाशीच खाली वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, उजवा अंगठा दुखून राह्यला काय तुमचा?" तो खरोखरच दुखत होता, आणि मी बायकोलाही ते सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी शाळेतून, ते जंगलातून. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी आरोग्य विम्याचा एजंट म्हणून दारात उभा राहिला. वर्गात असताना त्यानं कधी गृहपाठ पुरा केला नव्हता, पण माझा फॉर्म त्यानं एका चहात पुरा केला. "शुगर-बिगर लिहू नका जी, उगाच लफडं होते," असं म्हणून मधुमेहापुढे त्यानं 'नाही' लिहिलं आणि मी डोळे झाकून सही ठोकली. त्यालाच घेऊन आम्ही गोंडपिपरी गाठली. तिथं विम्याची निकड जास्त होती. बाईंचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, दोन्ही गुडघे झिजले होते. आज ना उद्या बदलावे लागतील असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. साडभाऊंनी चार कंपन्यांची पत्रकं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ठेवून जा. वाचतो." एजंटानं विचारलं, "किती दिवस लागतीन जी?" साडभाऊ म्हणाले, "उन्हाळा तं जाऊ द्या."

तो उन्हाळा त्यांनी गणतीत घालवला. जनावरांच्या गणतीत पाणवठ्याजवळ मचाणावर बसून कोणतं जनावर कधी आलं, पाणी पिऊन गेलं की बिचकून परतलं, ते वहीत टिपतात. साडभाऊंनी हीच रीत दवाखान्याला लावली. घोंगडी, पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा घेऊन ते चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कॅशलेसच्या खिडकीसमोरच्या बाकावर तीन दिवस बसले. ती वही मी पाहिली आहे. 'सकाळी नऊ वीस. नर एक, मादी एक, सोबत पिल्लू. खिडकीवर आले. कागद कमी म्हणून परत. साडेअकराला पुन्हा आले. मादी चिडलेली.' शेवटच्या पानावर कोणत्या कंपनीची माणसं पाणी पिऊन गेली आणि कोणत्या कंपनीची तहानलेली परतली, याचा गोषवारा होता. एका कंपनीच्या यादीतले जवळचे दवाखाने ते स्वतः हिंडून आले. त्यातल्या एकाच्या पत्त्यावर भांड्यांचं दुकान निघालं. तिथून ते शांतपणे एक झारा विकत घेऊन आले आणि ती कंपनी यादीतून खोडली. दुसरीत खोलीच्या भाड्याला मर्यादा होती. तिसरीत दर बिलाचा काही हिस्सा आपण भरायचा होता. "स्वस्त कुंपणाले खालून भोक असते, गुरुजी," ते मला म्हणाले. मी हसलो. माझ्या कुंपणाकडे मी तोवर वाकून पाहिलंही नव्हतं.

अखेर चौथी कंपनी ठरली, आणि मग फॉर्म. आजारांसाठी तिथं दोन ओळी होत्या. साडभाऊंनी चार पानं जोडली. वर मथळा 'पंचनामा'. त्यात स्वतःचा ब्लडप्रेशर होता, अकरा वेळा झालेला मलेरिया होता, अस्वलानं दंडावर ओढलेला ओरखडा होता आणि विंचू कोणत्या पायाला चावला तेही होतं. बाईंच्या गुडघ्यांना तर अख्खं एक पान, डावा किती वाकतो आणि उजवा किती, अशा मापांसकट. एजंटाला रडू यायचंच बाकी होतं. "भाऊ, गुडघे लिहू नका. लिहिले तं तीन वर्सं त्याचा पैसाच भेटत नाई!" साडभाऊ म्हणाले, "अन् नाई लिहिले तं?" एजंटानं पेन खिशात घातलं. "खोटा पंचनामा कोर्टात टिकत नाई, बाबू. तीन वर्सं त तीन वर्सं." माझी बायको परतीच्या एसटीत धुसफुसत होती. ताईनं तीन वर्षं काय गुडघे उशाशी घेऊन बसायचं का, असं ती मलाच विचारत होती.

दुसऱ्या वर्षी माझ्या पायाला जखम झाली, चिघळली, आणि मी आठ दिवस दवाखान्यात पडलो. तपासणीत शुगर निघाली, जुन्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि कंपनीनं मधुमेह लपवला म्हणून दावा नाकारला, वर पॉलिसीही बंद केली. मला माझीच लाज वाटली. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलो होतो. साडभाऊ भेटायला आले, पण 'मी म्हणलो नव्हतो?' असं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. फक्त माझा फॉर्म मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून उशीखाली ठेवला.

इकडे बाईंना कधीही विचारा, "बरे हायेत गुडघे," हेच उत्तर. साडभाऊंचा चक्रमपणा मात्र वाढत चालला होता. घरातला प्रत्येक डबा त्यांनी कंबरेच्या उंचीवर आणून ठेवला. तुळस मागच्या अंगणातून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. विहिरीचं पाणी आपण भरू लागले, आणि कहर म्हणजे मागच्या अंगणातल्या वाटेवर दर रविवारी चाळणीनं बारीक माती पसरू लागले. "इतला मोठा वनपाल चाळणी घेऊन बसते, लोक हासून राह्यले," असं बाई म्हणायच्या. मीही हसलो होतो.

तीन वर्षं भरली त्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "आता होत नाई जी." ऑपरेशन झालं. कंपनीनं पंचनाम्याची चार पानं पाहिली आणि कुरकुर न करता बिल भरलं. डॉक्टर मात्र म्हणाले, एवढे खराब गुडघे घेऊन या चालत कशा होत्या?

चार महिन्यांनी मी गोंडपिपरीला गेलो, तर साडभाऊंनी दारातूनच मला मागच्या अंगणात ओढत नेलं. चाळलेल्या मातीवरून बाई नुकत्याच तुळशीपासून विहिरीपर्यंत जाऊन आल्या होत्या. "पाहा गुरुजी. दोन्ही पाय सारखे पडून राह्यले." मी पाहत राहिलो, आणि मग ती चाळणी, ते डबे, ती तुळस, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्सी डावा घासत होता. दुसऱ्या वर्सी उजवा बी. तिसऱ्या वर्सी कुठी कुठी हाताचा बी ठसा दिसे. टेकत होती."

"मग त्यांना विचारलं काऊन नाही?"

ते मातीकडेच पाहत म्हणाले, "विचारलं असतं तं तिनं खोटं सांगितलं असतं. अन् खरं सांगितलं असतं तं मी थांबलो नसतो, घर विकलं असतं. हे तिले मालूम होतं. मले बी मालूम होतं." मग हळूच म्हणाले, "पाय पाहाची सवय होती, गुरुजी. तोंडाकडं पाहाची हिंमत नाई झाली."

आतून बाईंनी चहा झाल्याची हाक दिली. घरात जायची सरळ वाट त्या मातीवरूनच होती. साडभाऊ तिकडे गेले नाहीत. ठसे मोडू नयेत म्हणून कुंपणाला अंग घासत, सगळ्या अंगणाला वळसा घालून गेले. मीही त्यांच्या मागून तसाच गेलो.