भरला तांब्या

"हे दुसऱ्याचं हाय," असं म्हणत ते तांब्यावर हात ठेवायचे आणि विहिरीवरच्या माणसापुढं ओंजळ धरायचे. खांद्याला फिरकीच्या झाकणाचा तांब्या, तोही काठोकाठ भरलेला, आणि हा माणूस पाणी मागतोय! तुम्हीही हसला असतात. मी तर चिडायचो.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मिशनच्या शाळेत मी मास्तर, ते उपदेशक. पाटोद्याच्या बाजूच्या वस्त्यांवर आम्ही दोघं पायी फिरायचो. फिरायचो कसले, थांबत थांबत सरकायचो. जरा पुढं गेलं की त्यांचं सुरू, "थांबा मास्तर, हितं कायतरी हाय." खडकात गाड्यांनी पाडलेली जुनी चाकोरी दिसली की ते तिथंच उकिडवे बसायचे. "किती जणांनी हितनं वझं नेलं असंल! आपला प्रभू बी अशाच वाटंनं खांद्यावर लाकूड घिऊन गेला." मग तिथंच प्रार्थना. एकदा माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, तर त्यातही त्यांना प्रवचन सापडलं. "बरं झालं. आता हळू चालाल, म्हंजी दिसंल तुमाला." त्यावर मी काय बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही.

एका गावाबाहेर जुनी बारव होती. गावाचं नाव सांगणार नाही, का ते पुढं कळेल. बारव कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरं पायऱ्या उतरून पाणी पीत. आम्ही मात्र वर उभे. बाप्तिस्मा झाला तरी गावाच्या लेखी आमची जात तीच. कुणीतरी वरून धार सोडील तेव्हा आमची ओंजळ भरायची. मला संताप यायचा. ते पायऱ्यांकडं बघत म्हणायचे, "पाय लागून लागून दगड कसा गुळगुळीत झालाय बघा. प्रभू बी असाच दमून परक्या विहिरीवर बसला. परजातीच्या बाईला पाणी मागितलं त्यानं. मग मला मागायची लाज कावून?"

"मग तांब्यातलं का पीत नाही?" मी एकदा विचारलंच.

"मागतो मी रोज, मास्तर. देत कवाच न्हाई. ज्यांच्याम्होरं मी हात धरतो, त्यांच्यातल्या एकानं माझ्या हातचं पाणी प्यावं. मरायच्या आदी एकदा. बास."

म्हणून तो तांब्या. सकाळी घासून भरायचा, दिवसभर वाहायचा आणि संध्याकाळी एखाद्या झाडाच्या बुडाशी ओतायचा. असं वर्षानुवर्षं. मला त्या माणसाचा अभिमान वाटायचा आणि माझा रागही जात नव्हता.

एका चैत्रात, ऐन दुपारी, घाटात आस मोडलेला छकडा दिसला. गाडीवान मदत आणायला गेला होता. बाभळीखाली एक म्हातारी एकटीच बसलेली. आम्ही ओळखलं, बारवेच्या गावच्या पाटलाची आई. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"तांब्यात पाणी हाय का?" तिनं विचारलं.

ते पुढं झाले आणि मध्येच थांबले. "हाय, आईसाब. पर माझ्या घरचं हाय."

"कुणाच्या घरचं, म्या इचारलं का?"

त्यांनी घाईत फिरकी उलटीच पिळली, ती निघेना. ती मी सोडली. वरून धार धरायला ते वाकले, तर म्हातारीनं तांब्याच हातात घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. पदरानं ओठ पुसले. मग हळूच म्हणाली, "कुणाला बोलू नगंस, बाबा. मला त्याच घरात ऱ्हायचं हाय."

"न्हाई बोलत," ते म्हणाले.

घाट उतरेपर्यंत ते रडत होते आणि हसत होते. त्या दिवशी वाटेत कुठंच थांबले नाहीत.

वर्षाच्या मेळाव्यात मिशनच्या गोऱ्या साहेबांनी एकेकाला विचारलं, यंदा देवानं काय दिलं? कुणी नवी शाळा सांगितली, कुणी बाप्तिस्मे. ते उठले. आता राहवणार नाही, असं मला वाटलं.

"यंदा सांगन्यासारखं काय न्हाई, साहेब," म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या पावसाळ्यात पटकीनं ते गेले. मातीच्या वेळी साहेब भल्या मनानं बोलले. प्रामाणिक माणूस, फार चालला, पण त्या खडकाळ मुलखात बिचाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

म्हातारी तेव्हा हयात होती. मी मूठभर माती टाकली आणि तोंड मिटून घरी आलो.