कोठीचं झाकण

साहेबांनी टेबलावरची सुगंधी फवाऱ्याची बाटली उचलली आणि माझ्यावर मारली. खोलीत नाही, माझ्यावर. पदरावर, गळ्यावर, थोडं डोळ्यात गेलं. समोर बसलेले तीन पाहुणे हसले. एकाने तर चहाचा कप खाली ठेवला, नीट हसता यावं म्हणून.

मी काय सांगायला गेले होते, ते आधी ऐका. पुण्यातलं मैलापाणी नदीकाठच्या ज्या केंद्रात साफ होतं, तिथे मी कंत्राटी कामाला. पाणी साफ झालं की तळाला गाळ उरतो. तो तापलेल्या मोठ्या पिंपात फिरवून सुकवतात. त्याचा काळा दाणा होतो, खत म्हणून जातो. पिंपातून निघाला की दाणा पट्ट्यावरून थंड होत यायचा, मग उंच लोखंडी कोठीत पडायचा. कोठीखाली आम्ही चौघी गोण्या भरायचो. वारज्याहून दोन बस बदलून येत होते मी, अकरा वर्षं.

दिसायला गरीब असतो हो तो दाणा. पण गरमच साठवला तर आतल्या आत धुमसतो. बाहेर काही दिसत नाही. म्हणून आमची एक रीत होती, कुणी शिकवलेली नाही. कामाला लागण्याआधी कोठीच्या पत्र्याला उलटा हात लावून बघायचं, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो तसा.

त्या दिवशी थंड करणारा पट्टा बंद पडलेला. पाहुणे चालू कारखाना बघायला आलेले, म्हणून काम थांबवायचं नाही असा हुकूम. दाणा गरमागरम सरळ कोठीत. जेवणाच्या सुट्टीआधी मी हात लावला आणि चटकन काढून घेतला. वासही आला, अर्धवट विझलेल्या गोवरीचा. चपला बाहेर काढून केबिनमध्ये गेले. कोठी आतून जळतेय, एवढंच सांगितलं.

फवारा मारून झाल्यावर साहेब म्हणाले, "मावशी, तुमच्या अंगालाच हा वास. कोठीचा वेगळा कसा कळला?" मग पाहुण्यांकडे वळून, "पिढ्या गेल्या यांच्या यात. नाक कुठलं राहतंय."

पिढ्या.

माझ्या आजोबांनी गावची मेलेली गुरं ओढायचं सोडलं आणि धम्म घेतला. त्यासाठी गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. मी हे काम पोटासाठी धरलं, जन्माने माझ्या अंगावर आलेलं नाही. हे सगळं तोंडाशी आलं होतं. आणि मी काय म्हणाले? "बरं साहेब." खोटं कशाला लिहू. बाहेर आले आणि स्वतःचीच किळस आली. कामाची नाही, त्या 'बरं'ची.

संगणकावर तापमानाचा आकडा ठीक होता म्हणे. असणारच. मोजायचा काटा कोठीच्या वरच्या अंगाला, दाणा जळतोय खाली.

तासाभरात कोठीतून दाणा पडायचा थांबला. आत गाठ झाली होती. साहेब पाहुण्यांना घेऊन तिथेच आले. म्हणाले, कुणीतरी वर चढा, झाकण उघडा, पहारीने गाठ फोडा, वरून बादलीभर पाणी सोडा. गाठ आम्ही तशीच फोडत आलो होतो. पण थंड दाण्याची. आमच्यातली सुनंदा, सगळ्यांत नवी, पहार घेऊन शिडीवर चढायला लागलीसुद्धा. दोन लेकरांची आई.

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुडीच्या कागदांवर. कोठीशेजारी एक पाटी होती, ती मी कितीदा वाचली होती. त्या दिवशी तिच्यावर पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स बांधलेला. मी तो ओढून फाडला. मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर: "कोठी गरम असल्यास झाकण उघडू नये. हवा आत गेल्यास भडका उडेल."

आणि सुनंदाचा पाय धरला.

"मावशी, बाजूला व्हा."

"नाही होणार. मी चढणार नाही आणि हिलाही चढू देणार नाही."

"उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. तुम्हाला एवढी खात्री असेल तर तुम्ही चढा. पहार देते."

पाहुण्यांतला एक पुढे झाला, पत्र्याला हात लावला, ओरडलाच. मग कुणी हसलं नाही. मग अग्निशमनवाले आले. झाकणाला हात न लावता, आग कोंडून मारणारा गॅस खालून सोडत राहिले. दोन दिवस. कोठी रिकामी केली तेव्हा आत म्हशीएवढा जळका गोळा निघाला. सुनंदा बघत उभी राहिली.

प्रसंगावधान राखल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. मला फाटकावर अडवलं. तेव्हा बाकीच्या तिघीही आत गेल्या नाहीत. उन्हात बसल्या, डबे तिथेच खाल्ले. तिसऱ्या दिवशी फाटक उघडलं. माफी कुणी मागितली नाही. मीही नाही.

आज सकाळी पट्टा पुन्हा बंद आहे. आम्ही चौघी रिकाम्या गोण्या अंथरून बसलोय, तिथेच हे लिहितेय. साहेबांचा दोनदा निरोप आला, वरून दबाव आहे, आजचा दिवस सांभाळून घ्या. सुनंदानेच सांगून पाठवलं: पट्टा फिरेल तेव्हा उठू. तिसऱ्यांदा ते स्वतः आले तरी उत्तर हेच. आणि ते ऐकायचं तर त्यांनी इथवर चालत यायचं. केबिनमध्ये मी जाणार नाही.