मिसनी घेतलेलं माप

५ एप्रिल, ईस्टरचा रविवार. चुन्याचा ब्रश धुवायला घेतला. आदल्या दिवशी आमच्या शाळेतल्या शिवणाच्या मिसच्या नवऱ्याच्या कबरीला चुना लावला होता. दरवर्षी ईस्टरआधी हे काम त्या स्वतः करत. यंदा त्या शेजारच्याच ताज्या कबरीत आहेत. कच्च्या मातीला चुना लावता येत नाही.

"घाबरायचं तर घाबर, पण हात चालू ठेव," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सुई मोडली, इन्स्पेक्शन आलं, मुलगी रडली, सगळ्याला हेच. तुमच्याही शाळेत अशा एक मिस असतील.

त्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिकांनी बावीस वर्षं शेजारी बसून डबे खाल्ले. कॅन्सरमुळे त्यांचं एक स्तन काढलं, तेव्हा त्यांनी कापडाची छोटी उशी शिवून ब्लाउजमध्ये बसवली. "ओळख बघू कोणतं ते! एक देवाने दिलं, एक मी शिवलं."

गेल्या ईस्टरला पहाटे त्या मला कबरस्तानात घेऊन गेल्या. तिथे मेणबत्त्या, मोगरा, थर्मासातला चहा, आणि मिस दम लागत असूनही गात होत्या. नवऱ्याशेजारची रिकामी जागा त्यांनी प्लॉट दाखवावा तशी दाखवली. "ही माझी. यहाँ बस रुकना है, राहायचं नाही. प्रभू उठला ना, मग मीही उठणार."

या फेब्रुवारीत माझ्या ब्लाउजचं माप घेताना टेप डाव्या बाजूला लागली आणि मी दचकले. त्यांनी टेप खाली ठेवली.

"गाठ आहे?"

"छोटीशी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मूर्ख! सोमवारी जाऊ दोघी."

त्या सोमवारी त्याच भरती झाल्या. आजार हाडांत उतरला होता. भेटायला गेले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मिस, तुम्हालाही भीती वाटते?"

"खूप. रोज त्याला सांगते, प्रभू, डर लगता है. तो रागावत नाही गं. मग मलाच हसू येतं." आणि लगेच, "तू तपासून आलीस?"

"हो," म्हटलं. खोटं बोलले. मार्चमध्ये त्या गेल्या.

त्या ईस्टरच्या रविवारी पहाटे मी त्यांच्या मातीपाशी एकटी उभी होते. आजूबाजूला लोक हसत एकमेकांना "प्रभू उठला" म्हणत होते. तिथे उभं राहून मिसना पुन्हा "हो, तपासून आले" म्हणणं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत सुट्टी कळवली आणि तपासणीला गेले. दवाखान्यातल्या गाउनची नाडी काही केल्या बांधता येईना. चौथ्यांदा बांधली आणि आत गेले.