८०६ क्रमांकाचं माहेर

लसणीची पात अर्धी निवडून झाली आहे, अर्धी टेबलावर पसरलेली आहे, आणि मी वही घेऊन बसले आहे. आज पौर्णिमा, माझा कांदा-लसूण बंद. म्हणून मघाशी मी तोंड खिडकीकडे वळवून पात निवडत होते. समोर ताई बसली होती. ती म्हणाली, "नाकाला व्रत आहे, हातांना नाही वाटतं?" आणि माझ्या पुढ्यातली जुडी तिने स्वतःकडे ओढली. तिच्या मते मी पात निवडत नव्हते, पातीचे केस विंचरत होते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण येनफांग. काल तिच्या एकुलत्या एका मुलीचं, श्याओमानचं, लग्न लागलं. ते माझ्या पुण्याईने लागलं असं मी सकाळी देवीपुढे उदबत्ती लावताना म्हणणार होते, पण क्वानयिन माता सगळं बघत असते, तेव्हा शब्द गिळले.

मी लग्न होऊन छंगतूला आले आणि शहरातली झाले. ताई तुओ नदीकाठच्या आमच्या गावातच राहिली. रेशमाच्या गिरणीत तिने उमेदीची सगळी वर्षं उकळत्या पाण्यातून कोशाच्या धाग्याचं टोक शोधण्यात घालवली, त्यामुळे तिच्या बोटांना आता काहीच पोळत नाही. वाफाळता पेला ती सरळ मुठीत धरते. नवरा लवकर गेला. गिरणी बंद पडल्यावर तिने शाळेच्या खानावळीत भात वाढला आणि गिरणीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत पोरीला वाढवलं. यंदाच्या वसंतात ती चाळ पाडली. नवं घर मिळणार आहे, पण ते अजून कागदावरच उभं आहे. ताई सध्या कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत राहते. मुलीला घ्यायला वरात येईल आणि बाहेर वरातीची गाडी वळवायलासुद्धा जागा नाही.

जावई इथला, छंगतूचा. लग्न इथे. ताईने मला फोनवर एकच विचारलं होतं, "जिला घरच नाही, ती मुलगी निघते कुठून गं? आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन जेवायला येते ती कुठे? स्टेशनवर ये म्हणू तिला?"

मी म्हणाले, "माझ्याकडून निघेल की." फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेजारीच कलिंगडाच्या बिया फोडत होत्या. त्या फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "घर मयताला द्यावं, दुसऱ्याच्या लग्नाला देऊ नये. पोर निघते आणि घरचं नशीब पदराला बांधून नेते." ताई लगेच म्हणाली, "बरोबर आहे आजींचं." ताई नेहमी असंच करते. समोरच्याला नाही म्हणायला लागू नये म्हणून स्वतःच आधी नाही म्हणते.

तेव्हा ठरलं की हॉटेलातली खोली हेच माहेर. इथे बाहेरगावच्या मुली तशाच निघतात, त्यात कमीपणा नाही. हॉटेल मी शोधलं: फार भारी नाही, अगदी साधंही नाही. नाश्त्याला गरम नूडल्स, खोलीत पाण्याच्या बाटल्या फुकट, आणि सामान पोचवायला कमरेएवढ्या उंचीचा एक रोबो, जो लिफ्टमध्ये शिरताना लहान मुलाच्या आवाजात सगळ्यांची माफी मागतो. खोली मी हट्टाने ८०६ मागितली. आठात भरभराट, सहात सुरळीतपणा. मुहूर्तही मीच पंचांगातून काढला, सकाळी नऊच्या आत निघायचं. कुटुंबात धर्माचं खातं माझ्याकडे आहे, असं मी कोणी न देता समजून चालते.

परवा ताई आणि श्याओमान खोलीत शिरल्या. ताई दारातच थांबली.

"काय झालं?"

"सगळं पांढरं आहे गं," ती म्हणाली. "चादरी पांढऱ्या, टॉवेल पांढरे, सपातासुद्धा. इथून लग्न निघायचं की दुसरं काही?"

मग तिने पिशवीतून लाल गोधडीचा अभ्रा काढला, मोठाल्या फुलांचा, आणि हॉटेलच्या गादीवर चढवला. नवऱ्याचा फोटो टीव्हीपुढे ठेवला. आणि शेवटी टॉवेलात गुंडाळून आणलेली लोणच्याची बरणी काढली. आमच्या आजीच्या हातचं खारं पाणी आहे तिच्यात. जुनं काढतात, नवं घालतात, पण पाणी तेच चालत आलंय. काठाच्या खोबणीत पाणी भरून ताईने बरणी खिडकीखाली ठेवली आणि पहिल्यांदा पलंगावर बसली. तीसुद्धा कडेला, उठायच्या तयारीत.

सफाईला आलेल्या बाईला करायला काही उरलंच नव्हतं. ताईने न्हाणीघरही पुसून ठेवलं होतं. ती बाई बिचारी दोन बाटल्या ठेवून गेली.

विजेचं तर वेगळंच. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की दिवे लागतात. ताई दर थोड्या वेळाने कार्ड काढून घेई. मी तीनदा चहाची किटली लावली, तीनदा पाणी कोमट राहिलं.

"अगं, विजेचे पैसे भाड्यातच आहेत."

"म्हणून जाळायची? दुसऱ्याची असली तरी वीजच ना ती."

श्याओमान अंधारात खुर्चीवर हसत बसली होती. म्हणाली, "मावशी, आता पटलं ना, घरीच आहोत आपण?"

कालची सकाळ. श्याओमान लाल पोशाखात पलंगावर मांडी घालून बसलेली, भोवती तिच्या तीन मैत्रिणी. नवऱ्या मुलाने येऊन लपवलेला जोडा शोधायचा, तिच्या पायात घालायचा, मगच तिने जमिनीला पाय लावायचा. एका पायाचा जोडा मैत्रिणींनी पडद्यामागे लपवला. दुसऱ्या पायाचा लपवायचा मान मी मागून घेतला.

मैत्रिणी म्हणाल्या, "मावशी, गादीखाली घाला."

मी म्हणाले, "गादीखाली तर आंधळाही शोधेल." मला बुद्धी दाखवायची होती. तेवढ्यात दारात रोबो आला, आम्ही मागवलेल्या बाटल्या घेऊन. त्याचं झाकण उघडलं, मी बाटल्या काढल्या. आतली जागा अगदी जोड्याच्या मापाची. झाकण उघडं आहे तोवर हा जागचा हलत नाही, हे मला माहीत होतं. वरातीच्या पोरांच्या नाकासमोर उभा राहील आणि कोणाला संशय येणार नाही. मी तो भरतकामाचा लाल जोडा हळूच आत ठेवला.

रोबोच्या पडद्यावर पाच चांदण्या उमटल्या. सेवा कशी वाटली, विचारत होता. आता इतक्या गोड आवाजात कोणी विचारलं तर उत्तर न देणं मला जमत नाही. मी पाचही चांदण्या दाबल्या. त्याने आभार मानले. मीही मान लववली आणि खोलीत आले.

वरात आली. नवरा मुलगा लियाओ आणि त्याचे मित्र दाराबाहेर गाणी म्हणू लागले. दाराखाली फट नाही, दार उघडावं म्हणून द्यायची पैशांची लाल पाकिटं सरकेनात, तेव्हा दार बोटभर उघडून आत घेतली. मग दार उघडलं आणि शोधाशोध सुरू झाली. पडद्यामागचा जोडा लगेच सापडला. दुसरा सापडेना. पोरांनी गादी उचलली, किटली उघडली, एकाने तर बरणीकडे हात नेला. ताई म्हणाली, "बाळा, त्यात हात घातलास तर लग्न तुझ्याशिवाय लावू." तो मागे सरला.

मी कोपऱ्यात जपमाळ ओढत गालातल्या गालात हसत होते. थोड्या वेळाने लियाओ घाम पुसत म्हणाला, "मावशी, हरलो. द्या आता. वेळ होतोय."

"दार उघड आणि समोर बघ," मी म्हणाले.

त्याने दार उघडलं. समोर भिंत होती.

मी बाहेर जाऊन कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना पाहिलं. गालिच्यावर चाकांची खूणसुद्धा नव्हती. तेव्हा मला त्या पाच चांदण्यांचा अर्थ कळला: त्या दाबल्या की काम झालं समजून तो झाकण मिटतो आणि पुढे निघतो. परत आले आणि काय केलं ते सांगितलं. मग श्याओमान म्हणाली, "मावशी, तू माझा जोडा रोबोला दिलास आणि वर शाबासकी पण दिलीस?"

ताईने खाली काउंटरला फोन लावला. तिथली वेन नावाची मुलगी म्हणाली की रोबो सध्या वरच्या मजल्यांवर सामान पोचवतोय, नंबर लागेल तसा खाली येईल. ताईचा चेहरा मी पाहिला. ती रागावली नव्हती. पलंगावरच्या अभ्र्याची सुरकुती हाताने सारखी करत होती, पुन्हा पुन्हा. मला कळलं ती काय विचार करत होती. एवढी मांडामांड केली, तरी शेवटी हॉटेलच निघालं ते.

"माझ्या सपाता घालून जाऊ दे," ती म्हणाली. "मुहूर्त टळायला नको."

मुहूर्त माझाच होता. मी त्याच्याविरुद्ध काही बोलायच्या मनःस्थितीत नव्हते.

इतक्यात दारावर टकटक झाली. बनियन आणि हॉटेलच्या पांढऱ्या सपाता घातलेला एक जाडसर माणूस उभा. दोन्ही हातांवर लाल जोडा, जणू नैवेद्याचं ताट.

"मी दात घासायचा ब्रश मागवला होता," तो म्हणाला, उत्तरेकडच्या ठसक्यात. "हे आलं. खाली विचारलं, आठव्या मजल्यावर लग्न आहे म्हणाले."

असं हसू मी त्या खोलीत आधी ऐकलं नव्हतं. लियाओने जोडा घेतला, गुडघ्यावर बसून श्याओमानच्या पायात घातला. त्या गृहस्थांचं नाव पांग. शन्यांगचे, फ्रिजच्या दाराची रबरं विकायला आलेले, बाराव्या मजल्यावर १२०६ मध्ये उतरलेले. ताईने त्यांच्या हातात लाल पाकीट आणि ओंजळभर लग्नाच्या गोड गोळ्या दिल्या. ते पाकीट घेईनात, गोळ्या घेतल्या. जाताना म्हणाले, "सकाळी सकाळी लाल जोडा दारात आला. यंदा माझा धंदा चालणार."

निघताना श्याओमान दारात वळली. ताईने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. पोरगी म्हणाली, "आई, परवा येते जेवायला. ८०६." अगदी साधेपणाने, गल्लीचं नाव सांगावं तसं.

बाराला खोली सोडायची होती, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी मोठ्याने म्हणाले, "हो हो, ये. खोली मी परवापर्यंत घेतलेलीच आहे."

घेतलेली नव्हती. खोटं बोलू नये हे माझ्या पाच व्रतांतलं चौथं. पण ताईने इतक्या विश्वासाने माझ्याकडे पाहिलं की तिथेच मोडलेलं व्रत दुरुस्त करता येईना. वर तीच म्हणाली, "मग बरणी इथेच राहू दे. कशाला हलवायची." फोटो आणि अभ्रा मात्र तिने बरोबर घेतला, हॉटेलच्या धुलाईत जाईल या भीतीने.

जेवणावळ झाली. ताईला मी घरी आणलं. पाहुणी म्हणून सासूबाईंना ती चालते. आज सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मी हॉटेलला फोन केला.

वेन म्हणाली, "मावशी, ८०६ काल दुपारीच गेली. १२०६ रिकामी आहे, तिथून नदी दिसते. ती देऊ?"

"माहेर वर-खाली करता येत नाही, बाळ. कोणी घेतली ८०६?"

"बाराव्या मजल्यावरचे पांगसाहेब खाली आले. ती खोली लकी आहे म्हणाले. शनिवारपर्यंत आहेत."

म्हणजे बुद्धी दाखवायला मी जोडा लपवला, त्या जोड्याने त्या माणसाला शकुन दाखवला, आणि शकुनाने माझ्याच भाचीचं माहेर घेतलं. इतका सरळ हिशेब प्रवचनातसुद्धा सांगत नाहीत.

"आणि मावशी," वेन म्हणाली, "खिडकीखाली एक बरणी आहे. ते विचारत होते, ती हॉटेलकडून आहे का."

तेव्हापासून मी पात निवडत होते. ताई उद्यासाठी पातीच्या सारणाच्या वाफवलेल्या करंज्या करणार आहे, जावयाला आवडतात. उत्तरेकडची माणसं या करंजीसाठी घरदार लिहून देतात असं म्हणतात. निदान खोली तरी देतील, या हिशेबाने मी आजच थोड्या करूया म्हणाले. म्हणाले, तिखटमिठाचा अंदाज येईल.

"पौर्णिमेला?" ताई म्हणाली. "चाखणार कोण? तू?"

मी जपमाळ हातात घेतली.

तिने पातीचं देठ खुडलं, वर न बघता. "लहानपणीही खोटं बोललीस की हाताला असंच काहीतरी लागायचं तुला. वेणी नाहीतर पदराचं टोक. कोण आहे खोलीत?"

मी सांगितलं. सगळं. मला वाटलं आता म्हणेल, बरोबर आहे त्यांचं, राहू दे. तिची सवय तीच.

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "बरणीच्या काठात पाणी घाला, आणि जेवणाच्या तेलकट काड्या आत घालू नका. आणि म्हणावं, उद्या दुपारी माझी मुलगी घरी येणार आहे."

करंज्यांचं पहिलं ताट आता वाफेवर चढलं आहे. ते उतरलं की डबा भरून मी हॉटेलात जाते, पांगसाहेबांना विचारायला की उद्या दुपारपुरते ते १२०६ मध्ये जाऊन बसतील का.