आप्पांचे चार फूट

आप्पा रस्त्यानं चालायचे ते कायम उजव्या कडेनं, येणाऱ्या ट्रकच्या तोंडासमोर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नाशिकहून सिल्वासाला नोकरीवर आलो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी दंड धरून मला पलीकडं ओढलं. "भाऊ, समोरून येतो तो दिसतो तरी. मागून येणाऱ्याला काय सांगशील?" मी बांधकामाचा इंजिनिअर आहे हे कळल्यावर भाऊचा साहेब झाला, पण दंड धरायची सवय गेली नाही.

ते मूळचे धुळ्याकडचे, आमच्या कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर. जवळच्या टोकरखाडा वस्तीतून येणारे कामगार, कुणी पायी, कुणी सायकलीवर, त्या रस्त्यानं जीव मुठीत धरून येत. रस्त्याच्या बाजूनं झुडपांतून तुटक पायवाटा होत्या. आप्पा दर रविवारी कुदळ घेऊन त्या एकमेकींना जोडत. कुठं बाभूळ तोडायची, कुठं ओहळात सिमेंटचे पाइप टाकून वर माती लोटायची. कुणी हसलं तर म्हणत, "हसा. उद्या याच वाटेनं येशील ना रे बाबा?"

वाट गेटपर्यंत पोचतच आली होती आणि कंपनीनं कंपाउंडची भिंत घातली. नकाशा माझा. भिंतीचा कोपरा थेट डांबराला भिडला आणि वाट तिथंच संपली. आप्पा म्हणाले, "काय करी राहिले साहेब? कोपऱ्यात चार फूट आत घ्या ना. सायकल निघून जाईल."

नकाशा पुन्हा मंजूर करून आणायचा म्हणजे हेलपाटे. खरं सांगायचं तर मी कंटाळा केला. ठोकून दिलं, "आप्पा, तिथं जमिनीखालून विजेची मोठी केबल गेलीय."

"असं?" एवढंच म्हणाले. मॅनेजरांनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं.

दोन महिन्यांत त्या कोपऱ्यावर आमच्या वेल्डरची सायकल ट्रकखाली गेली. माणूस वाचला, पाय कायमचा अधू झाला. मी दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. केबलबद्दल अवाक्षर काढलं नाही. कोणत्या तोंडानं काढणार होतो?

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुरू होताना आणि सुटताना आप्पा लाल फडकं घेऊन त्या कोपऱ्यावर उभे राहू लागले. ट्रक थांबवायचे, माणसं पुढं काढायचे. ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या देत. "दे बाबा शिव्या, पण ब्रेक दाब," आप्पा शांतपणे सांगत. अशी सहा वर्षं गेली. मला त्यांच्याकडं पाहवत नसे म्हणून मी स्कूटर मागच्या गेटनं नेऊ लागलो.

ते निवृत्त झाले तेव्हा कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. मॅनेजर म्हणाले, "आप्पा, काय हवं ते मागा."

"शाल राहू द्या साहेब. कोपऱ्यात चार फूट द्या. उद्यापासून मी नाही तिथं."

"पण तिथं केबल आहे ना?" मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. पुढच्याच बाकावर वेल्डर बसला होता, काठी मांडीवर आडवी ठेवून. मी उठलो.

"केबल नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोललो होतो."

कार्यक्रम कसाबसा उरकला. बाहेर आप्पांनी माझा दंड धरला.

"मला ठाऊक होतं साहेब. तुम्ही म्हणाले, त्याच रविवारी खणून पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती. लग्न नवीन होतं तुमचं. म्हटलं, सांगतील आज ना उद्या." त्यांनी माझा दंड सोडला. "तेवढ्यात त्या पोराचा पाय गेला. तुम्ही गप्प होते, तसा मीही गप्पच होतो ना? मग उभा राहिलो. दुसरं काय करणार?"

महिन्याभरात भिंत आत सरकली. माझी नोकरी टिकली. पगारवाढ तेवढी दोन वर्षं थांबली. आप्पा तोवर गावी गेले होते, आणि त्याच हिवाळ्यात ते गेल्याची बातमी आली. ते चार फूट त्यांनी पाहिलेच नाहीत.

वाट खुली झाली त्या सकाळी मी कोपऱ्यावर उभा होतो. वेल्डर काठी टेकत आला, नव्या भिंतीला हात लावत लावत पलीकडं गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.