सुपडू भगताचं दुखणं

भडगावहून गिरणेच्या काठाकाठानं वर गेलं की खंडेरावाचं देऊळ असलेलं एक गाव लागतं. तिथे दर चैत्री पौर्णिमेला बारागाड्या ओढत. बैल सोडलेल्या बारा गाड्या दोरखंडानं एकामागे एक जोडायच्या, त्यांत गावची माणसं दाटीवाटीनं बसवायची, आणि पुढचा दोर कमरेला बांधून एकट्या भगतानं त्या वेशीपासून देवळापर्यंत न्यायच्या. भगत नुसती कंबर देतो, ओढणारा खंडेराव, अशी गावाची श्रद्धा. त्यामुळे भगताचं अंग दुखायचं काही कारणच नाही. दुखलं, तर देव अंगात आलाच नव्हता असं समजायचं.

पितांबर आबांनी कित्येक वर्षं गाड्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताठ चालत देवळात जात, नारळ फोडून उपास सोडत आणि मग चार दिवस जळगावला लेकीकडे पाहुणचाराला जात. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी दोर पुतण्याच्या हवाली केला. हा पुतण्या म्हणजे सुपडू. साल होतं एकोणीसशे सत्तावीस.

सुपडू तेव्हा तिशीच्या आतला, रुंद पाठीचा, अबोल गडी. त्याला मान मिळाला याचा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या आईला, भागाबाईला झाला. तिनं पौर्णिमेच्या आधी त्याचा नेम कडक पाळून घेतला. एकवेळचं जेवण, जमिनीवर झोपणं, बायकोच्या सावलीपासून दूर. ओढायच्या दिवशी तर पाण्याचा थेंबही नाही.

हळद माखून, गिरणेत बुडी मारून सुपडू वेशीत उभा राहिला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दोर कमरेला आवळला गेला. ‘येळकोट, येळकोट’ असा गजर उठला. पहिल्या हिसक्याला गाड्या हलल्या नाहीत. दुसऱ्याला करकरल्या. तिसऱ्याला चाकं फिरली आणि मग फिरतच राहिली. सुपडू वाट पाहत होता. आता देव येईल, आता अंग हलकं होईल. पण मातीत रुतणाऱ्या टाचा त्याच्याच होत्या, छातीत मावत नव्हता तो श्वास त्याचाच होता, आणि मांड्यांत पेटलेला जाळही त्याचाच. देवळाच्या पायरीला हात लागेपर्यंत दुसरं कोणी आलं नाही.

लोकांनी त्याच्या पायांवर डोकी ठेवली. त्याला कुठे पाहावं ते कळेना.

त्या दिवशी फारसं काही जाणवलं नाही. सकाळी जाग आली तर मांड्या लाकडासारख्या झालेल्या. भिंतीला धरून उठला, कसाबसा बांधाकडे गेला. तिथे त्याला उकिडवं बसता येईना. अर्ध्यावर गुडघे थरथरले आणि तो मागच्या मागे पडला. लघवी झाली ती कुळथाच्या पाण्यासारखी काळपट. सुपडू घाबरला. पण सांगणार कोणाला? देवानं ओढलेल्या गाड्यांनी त्याच्या मांड्या कशा सुजल्या, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तो तसाच अंघोळ करून नारळ घेऊन निघाला.

देवळापुढे सारं गाव जमलेलं. पहिली पायरी तो चढला. दुसरीवर पाय उचलेना. जोर लावला आणि तो तोंडावर आपटला. नारळ गडगडत लोकांच्या पायांत गेला.

भागाबाईनं हंबरडा फोडला. “मना पोऱ्यानं नेम पाळा! मी देखं शे!” मग तिची नजर बायकांत उभ्या असलेल्या सुनेवर गेली. ताईबाई हातातलं पूजेचं ताट सावरत पुढे येत होती. “हिनाच इटाय पडना व्हई!”

विटाळाचा शब्द निघाला, एवढं पुरे झालं. बायका ताईबाईपासून दूर सरकल्या. देवळाचं सगळं पाहणारे लीलाधर नाना वाकून म्हणाले, “का रे सुपडू, असंच शे का?”

सुपडूला उत्तर ठाऊक होतं. ते त्याच्या दोन्ही मांड्यांत ठणकत होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. गावानं त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला.

ताईबाईला प्रायश्चित्त मिळालं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज अनवाणी गिरणेचं पाणी आणून देवळाच्या सगळ्या पायऱ्या धुवायच्या आणि तोवर चुलीला हात लावायचा नाही.  ती घागर घेऊन नदीला गेली.

सुपडू खाटेवर पडला. दुसऱ्या दिवशी दुखणं आणखीच वाढलं. कूस बदलली तरी कळ यायची. भागाबाई दृष्ट काढायची, अंगारा लावायची. ताईबाई दुपारी नदीवरून आली की तिळाचं तेल उन्हात कोमट करून आणायची आणि हलक्या हातानं, वरच्या दिशेनं मांड्या चोळायची. मीठ घातलेलं ताक आणि पाणी त्याला सारखं पाजायची. तो नको म्हणाला तेव्हा तिनं हात थांबवला.

“बैल लांबून गाडी ओढीसन वना म्हंजे तुम्ही काय करतस? त्याले फिरावतस, पानी पाजतस, अंग चोयतस. त्याले कोनी इचारस का, तुना अंगमा कोन वनं व्हतं?”

सुपडूनं पाय परत सैल सोडले. तिनं पुन्हा चोळायला सुरुवात केली आणि खालच्या आवाजात विचारलं, “देव वना व्हता का हो?”

“गप ऱ्हाय,” तो म्हणाला.

हळूहळू लघवी निवळली. सूज ओसरली. आधी कुशीवर होता येऊ लागलं, मग बसता, मग भिंत धरून चालता. अंग आपलं आपण बरं होत होतं, आणि जसजसं बरं होत होतं तसतसं सुपडूला खाटेवरून उठणं अवघड वाटू लागलं. उठला की गावात जावं लागणार. गावात गेला की देवळाच्या ओल्या पायऱ्या दिसणार. म्हणून चालता येत असूनही तो कण्हत पडून राहिला. आई शिरा करून घालायची. तो खायचा.

एका दुपारी ताईबाई नदीवरून आली. घागर ठेवून भांडी घासायला बसू लागली. अर्ध्यावर ती थांबली. भिंतीला हात लावला. तिचे गुडघे थरथरत होते. मग ती एकदम धप्पकन खाली बसली, अगदी तो बांधावर पडला होता तशी. तळपाय फुटून त्यांच्या भेगांत माती भरली होती. तिनं वळून पाहिलं, तो बघतोय हे दिसल्यावर लुगडं पायांवर ओढून घेतलं.

“दुखस का?” त्यानं विचारलं.

“माले कसाले दुखी? मी थोडीच गाड्या ओढ्यात!”

सुपडूच्या तोंडात शिऱ्याचा घास होता. तो त्याला गिळवेना.

संध्याकाळी तो पायी देवळात गेला. पारावर माणसं बसली होती. त्याला बघून लोक सरकले, भगताला जागा करून दिली. तो बसला नाही.

“मना मांड्या सुजी गया व्हतात,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की लीलाधर नानांनी कानामागे हात नेला. “लघवी काळी व्हयनी. गाड्या मीच ओढ्यात. देव वना का नही, माले समजनं नही. मनी बायकोनं काहीच कयं नही.”

 नानांनी विचारलं, “मंग त्या दिन का बोलना नही?”

“लाज वाटनी.”

“आते नही वाटस?”

“आते जास्त वाटस, नाना.”

पारावर पितांबर आबाही होते. सुपडूनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं दोर ज्यांच्या कमरेला होता, त्यांनी एक शब्द टाकला असता तर बरं झालं असतं. आबा खाली मान घालून आपला गुडघा चोळत राहिले. परत जाताना मात्र काठी टेकत त्यांनी सुपडूला गाठलं.

“मी लेकीकडे जळगावले कसाले जात व्हतू, तुले काय वाटनं? तठे खाट सोडत नव्हतू मी.”

“मंग पारवर का नही बोलनात, आबा?”

 आबांची काठी तेवढी पुढे पुढे वाजत गेली.

गावानं ताईबाईचं प्रायश्चित्त उठवलं, पण तिची माफी काही कोणी मागितली नाही. सुपडूनं घरी येऊन घागर तिच्या हातातून घेऊ पाहिली. तिनं ती लगेच सोडली नाही.

“आतेपावत कोठे व्हतात?” एवढंच ती म्हणाली.

आखाजीला तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती गेली ती सण संपला तरी परतली नाही. सुपडू स्वतः आणायला गेला. सासुरवाडीत त्याला ओसरीवर बसवलं, गुळपाणी दिलं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. ताईबाई दारात येऊन म्हणाली, “मी यीसू. मना पाय बरा व्हयी जाऊ द्या.” तो एकटाच परतला. वाटेत ओळखीची माणसं भेटायची, ‘भगत, कोठे गया व्हतात?’ असं विचारायची. तो भलतंच काही सांगायचा आणि पुढे गेल्यावर त्याला त्याचीही लाज वाटायची.

पेरणीच्या दिवसांत ती आपली आपण आली. पहिल्यासारखं घर सांभाळू लागली. भागाबाई बरेच दिवस तिच्याशी तुसडेपणानं वागली, मग एकदा कापूस वेचताना तिच्या हातावर आपल्या हातची भाकरी ठेवली. त्या घरात माफी म्हणून मिळाली ती एवढीच. सुपडूचे पाय मात्र ताईबाईनं परत कधी चोळले नाहीत. त्यानंही सांगितलं नाही.

पुढच्या चैत्रात दोर भटूच्या कमरेला गेला. भटू सुपडूचा चुलत भाऊ, वयानं लहान, अंगानं दांडगा. त्यानं गाड्या झोकात ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्याही चढला. गावाला हायसं वाटलं.

त्यानंतर एका दुपारी भटूची आई, बेबाबाई, मागच्या दारानं आली. पदराआड वाटी होती. सुपडू परसात दोर वळत बसला होता, त्याला तिनं पाहिलं नाही.

“ताईबाई, तू त्यासले कोनतं तेल लावत व्हती वं? भटूले कूस बदलता येत नही.”

ताईबाईनं वाटीत तेल ओतलं. कसं कोमट करायचं, कोणत्या दिशेनं चोळायचं, ताकात मीठ किती, सगळं सांगितलं. लघवी काळी असेल तर आधी पाणी पाज, पाणी थांबवू नको, असं दोनदा बजावलं. मग म्हणाली, “आनि गावले सांगी दे.”

“गावले कसाले?” बेबाबाई म्हणाली आणि वाटी झाकून आली तशी निघून गेली.

ताईबाई दारात उभी होती. सुपडूनं मान वर केली नाही. हातातला दोर तो वळत राहिला.