बाबांचं पान

घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला. आईला आधीपासूनच कमी ऐकू यायचं. बाबा पुढच्या खोलीत खाटेवर, आई मागे स्वयंपाकघरात. घंटी दिली असती, तरी तिला ती ऐकू आली नसती. आम्ही नवराबायको दिवसभर बुलढाण्यातच आपापल्या कचेरीत.

घरी जुना कॉम्प्युटर होता. त्यावर मी वेब सर्व्हर बसवला आणि एक पान लिहिलं. बाबांच्या मोबाइलवर मोठी बटणं दिसायची : पाणी, चहा, दुखते, इकडे ये. बटण दाबलं की घरच्या वायफायवरून ते कॉम्प्युटरला कळायचं आणि ओट्याजवळच्या टॅबवर तोच शब्द ठळक उमटायचा. आधी काहीच उमटेना. कॉम्प्युटरची फायरवॉल बाबांच्या मोबाइलला आत येऊ देत नव्हती. तिथं वाट करून दिली, तेव्हा ‘पाणी’ दिसलं. आई तांब्या घेऊन गेली. ती परत येते तोवर ‘चहा’.

“आताच तं पेले,” असं म्हणत तिनं आधण ठेवलं.

मग बाबांनी खुणेनं लिहायला जागा मागितली. तीही करून दिली. पहिलंच वाक्य आलं : ‘भाजीत मीठ जास्त झालं.’

“आवाज गेला, खोड नाही गेली,” आई म्हणाली.

एकदा दुपारी घरी आलो, तर पान बंद होतं. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला होता, सर्व्हर मात्र चालू झालाच नव्हता. आई बाबांच्या खाटेशी बसून मेथी निवडत होती.

“पान कोरं दिसलं. मले वाटलं, ह्यायले काही झालं,” ती म्हणाली. “पयतच आली.”

मी सर्व्हर सुरू केला. कॉम्प्युटरबरोबर तोही आपोआप चालू होईल अशी सोय केली. आई उठली नाही. बाबांनी बराच वेळ मोबाइलवर काहीतरी लिहिलं. मी टॅब आणून तिच्या हातात दिला.

‘तुले माहेरी जाऊ द्याले मी दरसाल खळखळ केली. चुकलं माह्यं.’

तिनं ते दोनदा वाचलं.

“तोंड होतं तवा काऊन नाही बोलले?”

तिनं त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

बाबा हिंडूफिरू लागल्यावर दोघं एसटीनं वडनेर भोलजीला, तिच्या भावाकडे गेले. स्टँडवर मी विचारलं, “परत कधी येणार?” बाबांनी आईकडे बोट दाखवलं.